बिनसुरकुतीचं पॅराशूट

माझं रॉकेट सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत पडलं. पण कुणी विचारलं तर तसं काही झालेलं नाही.

पॅराशूट आईनं तिच्या जुन्या गुलाबी नायलॉन साडीचं शिवलं होतं. कडेला पिको केला, इस्त्री फिरवली, घडी घातली आणि रॉकेटच्या नळीत स्वतःच्या हातानं ठेवली. म्हणाली, “एक सुरकुती दिसली तर सांग!”

गच्चीवरून रॉकेट सुटलं तेव्हा ती डोळे मिटून, हात जोडून उभी होती. वर गेल्यावर रॉकेटचं टोपण उडालं, घडी बाहेर आली आणि घडीच राहिली. रॉकेट थेट टाकीच्या उघड्या तोंडात गेलं. मी वाकून पाहिलं. तळाशी गुलाबी घडी होती आणि तिला सेफ्टी पिन लावलेली होती. मोडू नये म्हणून.

“उघडलं का रे?” आईनं डोळे मिटूनच विचारलं.

“काय सुंदर उघडलं! वाऱ्यानं पार नदीपलीकडं नेलं.”

“सुरकुती?”

“एकही नाही.”

तेव्हापासून ती जिन्यात भेटेल त्याला थांबवून हे सांगते. तरी सोसायटीच्या सेक्रेटरींना नम्र विनंती, की गच्चीवरची टाकी यापुढे कधीही साफ करण्यात येऊ नये.