वाळूतला निकाल

शंभर वर्षांचं गोल्फचं मैदान 'फारच सोपं' म्हणून मोठ्या स्पर्धेसाठी नापास झालं, तेव्हा क्लबच्या अध्यक्षांनी हट्टाला पेटून वाळूचे खड्डे विहिरीएवढे खोल करून घेतले. तरीही गेल्या वर्षी मैदान खेळून तपासायला आलेले परीक्षक निकाल न सांगता, चहासुद्धा न घेता गायब झाले. तो राग अजून अध्यक्षांच्या नाकावर होता.

म्हणून यंदाच्या परीक्षक बाईंना त्यांनी आधीच बजावलं, "बाई, काय ते तोंडावर सांगून जा."

बाईंचा चेंडू नेमका सगळ्यात खोल खड्ड्यात गेला. त्या शिडीने खाली उतरल्या. अध्यक्ष काठावरून वाकून बघू लागले.

बाईंनी काठी उगारली, तोच खड्ड्याच्या कोपऱ्यातून एक दमलेला आवाज आला.



"बाई, जरा दम धरा! गेल्या वर्षीपासून माझाच नंबर चालू आहे."