चारशे सतरा नंबर

"बावीस मिनिटं!" ड्वाइट हॉस्टेटरने भरलेलं पॅलेट दाराशी टेकवलं आणि मनगटावरचं घड्याळ सुपरवायझर मर्लच्या नाकासमोर नाचवलं. "आणि ती बघ तिकडे. आजीबाई अजून पावाच्या खोक्यांना झोपवतेय!"

आजीबाई म्हणजे लोरेटा. वय छप्पन, कुठल्याशा दुकानातली नोकरी सोडून चार महिन्यांपूर्वी गोदामात आलेली. सकाळीच मर्लने दोघांच्या हातात एकच यादी दिली होती. किराण्याची ऐंशी खोकी आणि ती रचायला एक पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांची चौकट. आधी आणि नीट भरेल त्याला हिरवं जाकीट. हिरवं जाकीट म्हणजे नव्या माणसांना शिकवायचं काम. दिवसभर खोकी उचलायची नाहीत, वाकायचं नाही.

ड्वाइटला ते जाकीट हवंच होतं. चौदा वर्षं खोकी उचलून अडतिसाव्या वर्षी त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, अजून एक वर्ष हेच केलंस तर काठी घेऊन चालशील. हे फक्त त्याच्या बायकोला, ट्वायलाला ठाऊक होतं. गोदामात मात्र तो असा मिरवायचा, की जाकीट घेऊन तोच मर्लवर उपकार करणार होता. स्पर्धेत लोरेटाचं नाव ऐकलं तेव्हा तर त्याला हसूच फुटलं. "हिच्याशी? मग मी डोळे बांधून भरू का?"

या गोदामात माणसाला नाव नाही, नंबर. भरलेल्या प्रत्येक पॅलेटवर भरणाऱ्याच्या नंबराचं लेबल चिकटवायचं. भिंतीवरच्या फळ्यावर रोज सगळ्यांचा वेग लागायचा आणि सहा वर्षं तिथे पहिला नंबर एकच होता, चारशे सतरा. ड्वाइट. लोरेटा पहिल्याच दिवशी त्या फळ्यासमोर थबकली होती. "चारशे सतरा कोण?" तिने विचारलं होतं.

"मीच तो. सही हवीय का?" ड्वाइट म्हणाला होता. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती एक शब्द न बोलता निघून गेली. बाईची वाचाच बसली, असं तो पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटला होता. तिच्या लॉकरवर त्याने कासवाचं चित्रही चिकटवलं. तिने ते काढलं नाही.

आणि काम तरी कसलं तिचं! आधी अख्खी यादी वाचायची. मग पाणी, डबे, पीठ असलं जड सामान तळाला. खालच्या दोन खोक्यांची फट वरच्या खोक्याने झाकायची, गवंडी विटा लावतो तशी. चिप्स आणि पाव सगळ्यांत वर. ड्वाइटला हा बायकी नखरा वाटायचा. तो पुढ्यात येईल ते खोकं उचलायचा आणि कडेकडेने भिरकावत वर चढवायचा. मध्ये पोकळी राहिली तर राहिली. कललंच तर प्लास्टिकचे चार वेढे करकचून ताणले, की झालं सरळ. "प्लास्टिक असतं कशाला मग?" तो म्हणायचा. ट्रकचं दार लागलं की त्याच्या लेखी विषय संपला.

लोरेटाही आपलं गुंडाळलेलं पॅलेट घेऊन दाराशी आली. मर्लने घड्याळ पाहिलं. "सत्तावीस."

ड्वाइट कुणाची वाट बघत थांबला नाही. त्याने खुंटीवरचं हिरवं जाकीट काढून अंगात चढवलं आणि चेनसुद्धा ओढली. "चल आजीबाई, उद्यापासून तुलाच पहिली शिकवतो. हात हलवायला."

"शिकव की," लोरेटा म्हणाली आणि तिने खिशातून सुरी काढली. "पण मर्ल, नीट भरलंय की नाही ते कसं ठरवणार? दुकानात गेल्यावर हे प्लास्टिक कापतातच ना? मग इथेच कापून बघू."

मर्लने डोकं खाजवलं. असं कधी कुणी केलंच नव्हतं. माल गुंडाळून ट्रकमध्ये गेला, की पुढचं दुकानवाल्यांनी बघायचं. प्लास्टिक कापून उघडलेलं पॅलेट ड्वाइटने चौदा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पण मागे हटेल तो ड्वाइट कसला? "काप की! घाबरतोय कोण?"

तिने आधी स्वतःच्या पॅलेटवर सुरी फिरवली. प्लास्टिक गळून पडलं. खोकी जागची हलली नाहीत. मर्लने खांद्याने जरा रेटूनही पाहिलं. मग लोरेटाने सुरी ड्वाइटपुढे धरली. "तुझं तू काप, बाळा."

ड्वाइटने एका झटक्यात वरपासून खालपर्यंत चिरलं. क्षणभर काही झालं नाही आणि त्याने हसायला तोंड उघडलं. तेवढ्यात मधली खोकी पोकळीत खचली, वरचा अख्खा थर पुढे आला आणि टोमॅटो सॉसच्या बाटल्या धडाधड फरशीवर फुटल्या. मागोमाग लोणच्याच्या बरण्या. सगळीकडे व्हिनेगरचा वास सुटला. ड्वाइटचे बूट घोट्यापर्यंत लाल झाले.

"लाकूडच वाकडं होतं," तो पुटपुटला. "हे असं कधी होत नाही. कधीच नाही!"

मर्लने जाकिटासाठी हात पुढे केला. ड्वाइटला चेन उघडायला बराच वेळ लागला. जाकीट लोरेटाच्या हातात गेलेलं बघून तो भडकला. "तुला ठाऊक होतं हे! आधीपासून ठाऊक होतं!"

"असणारच ना, बाळा," लोरेटा जाकिटावरचा सॉस पुसत म्हणाली. "अकरा वर्षं मी दुकानात माल उतरवून घ्यायचे. तुझं नाव तिथे कुणाला माहीत नव्हतं. पण लेबलावर चारशे सतरा दिसला, की सुरी काढण्याआधी आम्ही बादली आणि पोछा घेऊन यायचो."