टाचण्यांची ताटली

बाबांचा फोन शिलाईमशीनवर, टाचण्यांच्या ताटलीत पालथा, कायम सायलेंटवर घुरघुरायचा. लेकीचा असला, की "मी बरा आहे, जेवलो, ठेवतो," एका दमात सांगून मोकळे! "फोनकडे लक्षच नाही तुमचं," म्हणत काल तिने घुरघुर बंद करून रिंग फुल्ल केली. आज सात फोन केले, एकही उचलला नाही. जीव मुठीत धरून ती दुकानाच्या दारात पोचली, तर बाबा पाठमोरे, काजं करताहेत. तिने तिथूनच फोन लावला. रिंग कोकलताच शेजारचा इस्त्रीवाला डोकावला. बाबांची मानही हलली नाही. ते सदरा टांगायला उठले, तेवढ्यात तिने आत जाऊन घुरघुर परत लावली. ते बसल्यावर बाहेरून फोन केला. टाचण्या नाचल्या. बाबांनी झडपच घातली. "मी बरा आहे, जेवलो, ठेवतो!" "ठेवा," ती कट झालेल्या फोनला म्हणाली.