कुरकुरीत तेवढं सोडून

जेवणाआधी फ्लॉवरचे तळलेले तुरे आले. आई वरचा कुरकुरीत थर सोलून ताटलीच्या कडेला सारत होती आणि आतलं मऊ तेवढं खात होती.

"आमच्या मातोश्रींची तऱ्हाच न्यारी," मुलगा पाहुण्यांना म्हणाला. "खायचं तेच टाकून देतात." सगळे हसले. आईही हसली, तोंडावर हात धरून.

शेजारच्या काकांनी एक तुरा मुलाकडे बघत कराकरा चावून दाखवला. "डॉक्टर, ही तुम्ही बसवलेल्या दाढांची कमाल. वहिनी, तुमच्याही गेल्यात ना? बसवून घ्या की."

"घेणार आहे ना," आई म्हणाली. "याच्या दवाखान्यातली गर्दी जरा ओसरू दे."

मुलाच्या तोंडातला घास तसाच राहिला. आता चावला असता, तर आवाज झाला असता.