मोठं पिनियन

लहान

"लहानच लावा," फुमिए म्हणाली. "वळणातून झटकन सुटेल. मोटरही थंड राहील."

नुकादाने बायकोकडे पाहिलं नाही. रिमोटच्या गाडीतल्या मोटरच्या दांड्यावरचं लहान पिनियन, म्हणजे दातेरी चाक, काढून त्याने टेबलावर टाकलं. दुखरा गुडघा टेबलाखाली लांब पसरला होता.

गेल्या वर्षी, याच ट्रॅकवर, सरळ रस्त्याच्या टोकाला तो उलटलेल्या गाड्या उचलायला उभा होता. कुरामोचीच्या गाडीने तिथेच त्याचा गुडघा फोडला. रिमोटवरचं खेळणं, पण ताशी शंभरने आलेलं. "सिग्नल तुटला," कुरामोची म्हणाला होता. तेव्हापासून स्वतःच्या चहाच्या मळ्याचा चढ नुकादाला चढवत नाही.

मधलं

"मग निदान मधलं," फुमिए म्हणाली.

तेवढ्यात कुरामोची आला. नुकतीच आपली शर्यत जिंकून, नारिंगी जाकीट खांद्यावर टाकून.

"काय नुकादा-सान, अजून दातच मोजताय? गाडीपण लंगडते वाटतं?" तो हसला. "आता तुमच्या शर्यतीला गाड्या उचलायची पाळी माझी. त्याच टोकाला. नियमच आहे, उभा राहिलो नाही तर जिंकलेलं रद्द! जरा जपून चालवा हं."

नुकादाने त्याचं मनगट पकडून टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. काहीतरी कडकन वाजलं. मग तोंडावर ठोसा. भाताच्या डब्यावर रक्त उडालं. चौघांनी मिळून त्याला मागे ओढलं.

"अहो, काय केलंत हे!" फुमिए किंचाळली. ती माफी मागत कुरामोचीपुढे कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली.

नुकादा पुन्हा टेबलाशी बसला.

मोठं

हाताला आलं ते सगळ्यात मोठं पिनियन त्याने चढवलं.

"वेड लागलं का?" शेजारच्या टेबलावरचा म्हातारा ओनुमा म्हणाला. "सुटताना रांगेल. वेग धरेल तेव्हा मोटर जळेल. शर्यत पुरी व्हायची नाही."

"नाही झाली तर नाही."

"बायकोने सांगितलं नाही का?"

नुकादाने मान वर केली. फुमिए तिथे नव्हती.

चालकांच्या ओट्याचा जिना तो एकेक पायरी करत चढला. कर्ण्यातून आवाज आला, "सगळ्या वळणांवर उचलणारे उभे. तयार!"

सरळ रस्त्याच्या टोकाला नारिंगी जाकीट उभं होतं. काळी काच खाली ओढलेलं हेल्मेट. जाकीट अंगावर लोंबत होतं. भेदरून आक्रसलाय, नुकादाला वाटलं. बरं वाटलं.

भोंगा झाला. त्याची गाडी रांगली. सगळ्या पुढे गेल्या. तो घाईत नव्हता. पुढच्या फेरीला सरळ रस्ता आला आणि त्याने रिमोटचा चाप पूर्ण ओढला. गाडी कर्कश ओरडू लागली. जळका वास वरपर्यंत आला. वळणाआधी बाकीच्यांनी वेग आवरला. त्याने आवरला नाही.

गाडी काठावरून उडाली आणि गुडघ्यात घुसली. हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत पोचला. नारिंगी जाकीट हवेत फिरून सिमेंटच्या कठड्यावर मानेवर पडलं. मग हललं नाही.

नुकादाने रिमोट खाली ठेवला.

मागे जिन्यावर पावलं वाजली. मनगटाला बर्फ बांधलेला कुरामोची धापा टाकत वर आला.

"तुमच्या बायकोने मला लाजवलं हो, नुकादा-सान," तो मान खाली घालूनच म्हणाला. "नको नको म्हणालो, तरी जाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं. म्हणाली, नवऱ्याच्या वतीने एवढं तरी करू द्या."