लहान पंजाचा माउस

“पंजा पूर्ण टेकवतो की नुसती बोटं?” दुकानदार ह्वांगने विचारलं.

“पूर्ण टेकवतो,” सुन-बोक म्हणाली. “आणि तासाभरात मनगट धरतं.”

योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात ती दार उघडल्यापासून उभी होती. काउंटरवर सहा माउस हाताळून झाले होते. ह्वांग तिशीतला, एकेकाळी स्वतः स्पर्धांत खेळलेला. त्यामुळे त्याला घाई नव्हती.

“बंदुकांचाच खेळ ना? मग जड नको. कडेला जास्तीची बटणं देऊ?”

“अजिबात नकोत. अंगठा चुकून पडतो आणि आपलीच माणसं उडतात.”

ह्वांग खो खो हसला. “मुलगा कच्चाच दिसतोय. हात केवढा आहे त्याचा?”

सुन-बोकने स्वतःचा पंजा काचेवर पसरला. “एवढाच.”

“सव्वीस वर्षांचा म्हणालात ना? आणि हात एवढासा?”

“माझ्यावर गेलाय.”

“त्यालाच घेऊन या ना, काकू. माउस म्हणजे चपलेसारखा. ज्याचा त्यानेच घालून बघावा.”

सुन-बोकने हात काढून घेतला. “तो घराबाहेर पडत नाही.”

ह्वांगचं हसू मावळलं. अशी मुलं कोणाच्या ना कोणाच्या घरात होतीच.

“किती वर्षं झाली?”

“या हिवाळ्यात चार होतील.”

“राग मानू नका, काकू,” तो म्हणाला, “पण माणूस कोंडून घेऊन बसलाय आणि तुम्ही त्याला आत बसायला आणखी मऊ गादी नेऊन देताय.”

तिला फार लागलं ते. तिने सातवा माउस उचलला. लहानसा, हलका, पाठ मागच्या बाजूला उंच. तळहात त्यावर आपसूक विसावला.

“हाच द्या,” ती म्हणाली.

शिन्वोलच्या चढावरच्या घरी पोचेपर्यंत बारा वाजले. नोकरीची अकरावी मुलाखत फसली त्या दिवशी तिच्या मुलाने, तेग्योमने, खोलीचं दार लावून घेतलं, ते लावलंच. ती दारापाशी जेवणाचं ताट ठेवी. ती समोरून हलली की ताट आत जाई. आधी तिने विनवण्या केल्या, मग रागावून पाहिलं, समुपदेशक आणून दाराबाहेर बसवला. आतून तिला एक शब्द आला नाही, फक्त खेळातल्या गोळ्यांचे आवाज आणि खेळातल्या सोबत्यांशी चाललेलं त्याचं बोलणं. मग तिनेही बहिणीकडे जाणं सोडलं आणि लांबची कामं नाकारली. तोही कोंडलेला, तीही कोंडलेली. मधे एक दार, एवढंच.

सकाळचं ताट रिकामं होऊन बाहेर आलं होतं. तिने ते उचललं, धुतलं आणि दाराशी उभी राहून म्हणाली, “मी कामावर जाते रे.” मग जिना उतरली, गल्ली ओलांडली आणि समोरच्या इमारतीतल्या पीसी-बांगमध्ये शिरली. त्या वस्तीत तासावर कॉम्प्युटर देणारी तेवढी एकच जागा होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तिने तिथला माउस बाजूला सारला, पिशवीतून नवा काढला आणि जोडला.

पडद्यावर ‘डोंगरअस्वल’ असं तिचं नाव उमटलं.

“दादा, उशीर केलास,” तेग्योमने लिहिलं.

“माउस घ्यायला गेलो होतो.”

“घेतलास एकदाचा! आता निदान मला तरी मारू नकोस.”

सात महिन्यांपूर्वी ती खेळ शिकली, ती दारापलीकडून ऐकलेलं त्याचं खेळातलं नाव शोधण्यासाठी. पहिल्याच दिवशी त्याने वय विचारलं. तिथे कोणीही आधी वयच विचारतं, त्याशिवाय समोरच्याला हाक कशी मारायची? तिने गडबडीत एकतीस लिहिलं आणि ती दादा झाली. आवाजाने बोलायची वेळ आली की दादाचा माइक बिघडलेला असे.

दादाला तो सगळं सांगायचा. एकदा लिहिलं होतं, “दार उघडलं की आईचा चेहरा बघावा लागेल. तेच नाही जमत.” त्या दिवशी ती खुर्चीत बसून रडली होती. तेव्हापासून खरं सांगायची सोयच उरली नव्हती. खरं कळलं तर तो दादासमोरही दार लावून घेईल, याची तिला धास्ती होती.

आज मात्र मनगट दुखत नव्हतं. तिने ओळीने तीन शत्रू टिपले.

“दादा! हे तूच खेळतोयस ना?”

सुन-बोक एकटीच हसली. जिवाला इतकं हलकं वाटलं की भानच राहिलं नाही. या दिवशी कोणीही कोणालाही विचारतं, तेच तिच्या बोटांनी लिहून टाकलं: “समुद्रशेवाळाचं सूप प्यायलास का आज?”

पाठवलं आणि तिने ती ओळ पुन्हा वाचली. ते सूप वाढदिवसाचं. सकाळच्या ताटात तिनेच ठेवलेलं. आज वाढदिवस आहे, हे तेग्योमने दादाला कधीच सांगितलं नव्हतं.

उत्तर आलं नाही. मिनिटभराने त्याचं नाव मालवलं.

सात महिने एका ओळीत घालवले, ती स्वतःवरच चरफडली. नवा खेळ सुरू करायचं बळ नव्हतं. तिने आपला सैनिक सरावाच्या कोठारात नेला आणि भिंतीला पाठ लावून उभा करून ठेवला. तिथे दुसरं कोणी नव्हतं. घरी जायचं तर त्या दारासमोरून जावं लागणार होतं. ती बसून राहिली.

वीस मिनिटांनी तिच्या मागच्या रांगेत कोणीतरी खुर्ची ओढून बसलं. मग त्याचं नाव पुन्हा उजळलं. त्याचा सैनिक कोठारात आला, बंदूक खाली टाकून तिच्या सैनिकासमोर उभा राहिला. मग पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली.

“आई, मागे बघ.”