डब्यातलं सत्त्व

मनाली दारात वाटी घेऊन उभी होती. कडेवर अल्पेश, आईच्या खांद्यावर मान टाकून.

"ताई, दोन चमचे पावडर देता? आमचा डबा संपला. हे कामावरनं येताना आणतील नवा."

पंचशीलाचे हात कणकेतच राहिले. डबा कुठे आहे हे तिला ठाऊक होतं आणि मनालीलाही ठाऊक होतं. खिडकीच्या फळीवर, गॅलरीतून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. डब्यावरचं गोरं, गुबगुबीत बाळ बाहेर तोंड करून हसत होतं.

त्या डब्यात दुधाची पावडर नव्हती. लेक उदय झाला तेव्हा नवऱ्याने, लोकेशने, हौसेने एकच डबा आणला होता. तो कधीच संपला. तेव्हापासून त्यात नाचणीचं सत्त्व असायचं. सासूबाई, इंदूबाई, नाचणी भिजवायच्या, फडक्यात बांधून मोड आणायच्या, गच्चीवर वाळवून, दळून, वस्त्रगाळ करायच्या. उदय त्यावर असा भरला होता, की भाईंदरच्या गोडदेव भागातल्या त्या बिल्डिंगमधली एकही बाई त्याचे गाल ओढल्याशिवाय पुढे जायची नाही. "काय देतेस गं ह्याला?" कुणी विचारलं की पंचशीला नुसती मानेने खिडकीकडे दाखवायची. तोंडाने खोटं बोलायचीही गरज पडत नसे. गच्चीवरची नाचणी कुणाच्या डोळ्यांवर आलीच, तर "पापडासाठी आहे," म्हणून मोकळी व्हायची.

तिला नाचणीची लाज वाटे. गावाकडे शाळेत तिच्या फडक्यातली काळी भाकरी बघून पोरी सरकून बसायच्या. ते सरकणं आपल्या लेकाच्या वाट्याला येऊ नये, एवढंच तिला वाटायचं. एकोणनव्वद साल होतं. बिल्डिंगमध्ये घरोघरी टीव्ही आले होते आणि त्या टीव्हीत कुणाचंच बाळ नाचणी खात नव्हतं.

इंदूबाई हसायच्या. "सत्त्वाला सोंग कशाला गं?" म्हणायच्या आणि पुन्हा चाळायला बसायच्या. आत्ताही त्या गच्चीवरच होत्या, कावळे हाकत.

"माझंही संपलंय गं," पंचशीला म्हणाली.

"तळाला असंल की थोडं. मला पातळच लागतं." मनाली उंबऱ्यावर टेकली. "अख्ख्या बाटलीला एक चमचा टाकते मी. डबा पुरवायला नको? माझं अंगावरचं तर आटूनच गेलं. आज लस द्यायला नेला, तर डॉक्टर वरडला माझ्यावर. बोलतो, पोराचं वजन उतरलंय, नुसतं पाणी पाजतेस काय." तिने अल्पेशला मांडीवर घेतलं. "पण ताई, तुमचा उदय पण त्याच डब्यावर हाय ना? मग माझ्याच हातात काय खोट हाय, सांगा."

पंचशीलाने अल्पेशकडे पाहिलं. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या मनगटावर काळे मणी बांधले होते. दिवाळीत ते मांसात रुतायचे. आता हात वर केला की ते कोपरापर्यंत घसरत होते. तो रडतही नव्हता. आईच्या पदराचं टोक तोंडात धरून चोखत होता.

डॉक्टर असंच घाबरवतात गं, एवढं म्हटलं असतं की झालं होतं. मनाली उठून दुसऱ्या कुणाकडे गेली असती. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण पोराने ओला पदर सोडला आणि कोरडाच घुटका गिळला. तो घुटका पंचशीलाला ऐकू आला.

तिने हात पुसले. फळीवरून डबा काढला, चमच्याच्या टोकाने झाकण उचकटलं आणि मनालीपुढे ठेवला.

मनाली वाकली. आत तांबूस, मऊ पूड होती. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली.

"नाचणी?"

"नाचणीच. पहिला डबा संपल्यापासून नाचणीच. माझ्या सासूबाईंच्या हातची." पंचशीलाने झाकण बाजूला ठेवलं. "डबा नुसता दाखवायला. मला काय बोलायचं ते बोल, मनाली. पण आधी ह्याला पोटभर खाऊ दे. मी आत्ता शिजवते."

तिने पातेलं चढवलं. सत्त्व पाण्यात कालवायला घेतलं. आता ही गॅलरीत जाणार, चार दारं वाजवणार, चार जणी तोंडाला पदर लावून हसणार. जाऊ दे. गुठळी होता कामा नये, एवढ्यावरच तिने लक्ष धरलं.

तिने वळून पाहिलं. मनाली डब्याकडेच बघत होती.

"माझी सासू हाय ना, जुन्या भाईंदरची, चंद्रावती," ती हळूच म्हणाली. "ती आलेली मागं. घरी दळलेली नाचणी घेऊन, पिशवीभर. मी बोलले, आमच्या बिल्डिंगीत पोरांना असलं कोण देत न्हाय. इश्वास नसंल तर पंचशीलाताईला विचारा."

"मग? माझ्याकडे तर आल्या नाहीत त्या."

"आलेली. तुमच्या खिडकीपर्यंत आली. तो डबा बघितला तिनं." मनालीने मान वर केली नाही. "आणि माघारी येऊन मलाच बोलली, 'चुकलं गं माझं.'"